नदी-नावेच्या गणितांसाठी जिओजेब्रा: काय जमतं, कुठे फसवतं

नदी २४० मीटर रुंद, संथ पाण्यात नावेचा वेग सेकंदाला ५ मीटर, प्रवाहाचा वेग सेकंदाला ३ मीटर. कमीत कमी वेळात पैलतीर गाठायचं तर नाळ (नावेचं पुढचं टोक) कुठे धरायची? आणि अगदी समोरच्या घाटावर उतरायचं तर? अकरावीचा सदिशांचा धडा झालेल्या मुलांना हे दोन प्रश्न लागोपाठ विचारले की निम्मी वही गोंधळते. सूत्र येत नाही म्हणून नव्हे. नाळ जिकडे आहे तिकडेच नाव जाते, ही जमिनीवरची सवय डोक्यातून निघत नाही म्हणून. जिओजेब्रा या गणिताच्या आकृत्या काढणाऱ्या संगणक-प्रणालीकडे आम्ही याच एका कसोटीवर पाहिलं: नाळेची दिशा आणि नावेची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ती डोळ्यांना पटवते का? पटवते, आणि फार चांगलं पटवते. पण मांडणी करताना चार-पाच ठिकाणी ती नवशिक्याला हमखास चकवते, म्हणून हे सविस्तर परीक्षण.

जिओजेब्रा ऑस्ट्रियातली. मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात २००१ मध्ये तिची सुरुवात केली. शाळा-कॉलेजात आणि घरी वापरायला ती फुकट आहे. फी घेऊन शिकवणाऱ्या खाजगी क्लासने मात्र परवान्याच्या अटी वाचून घ्याव्यात, कारण फुकट वापर बिगर-व्यावसायिक कामापुरताच आहे. तिची तीन-चार रूपं मिळतात. नदी-नावेच्या कामाला ‘क्लासिक’ घ्या, कारण त्यात आलेखाच्या दोन खिडक्या आणि एक तक्ता असं सगळं एकत्र उघडतं. ते ब्राउझरमध्ये चालतं आणि संगणकावर उतरवूनही घेता येतं. क्लासिक ५ ही जुनी आवृत्ती इंटरनेटशिवाय बिनतक्रार चालते. शाळेच्या संगणक कक्षात नेटचा भरवसा नसेल तर तीच बरी.

मांडणी

आडवा अक्ष म्हणजे ऐलतीर, उजवीकडे प्रवाहाची दिशा. उंची २४० वर दुसरी आडवी रेघ, ते पैलतीर. आता तीन स्लायडर, म्हणजे ओढून आकडा बदलायच्या पट्ट्या: प्रवाहाचा वेग, संथ पाण्यातला नावेचा वेग आणि नाळेचा कोन. चौथा स्लायडर वेळेचा, तो नंतर.

पहिली ठेच नावातच लागते. जिओजेब्रात कंसातल्या जोडीला मोठ्या रोमन अक्षराचं नाव दिलं तर बिंदू तयार होतो, लहान अक्षराचं दिलं तर सदिश, म्हणजे लांबी आणि दिशा असलेला बाण. वेग लिहायचाय आणि मोठं अक्षर पडलं, की पडद्यावर बाणाऐवजी ठिपका उमटतो.

दुसरी ठेच विरामचिन्हाची. नावेचा वेग ‘परिमाण आणि कोन’ असा द्यायचा तर दोन आकड्यांच्या मध्ये अर्धविराम हवा. (५; ६०°) म्हणजे लांबी ५, कोन ६० अंश. तिथे स्वल्पविराम पडला तर जिओजेब्रा ६० अंशांचे रेडियन (कोनाचं दुसरं एकक) करते आणि बाणाचे घटक ५ आणि १.०५ धरते. बाण उमटतो, चूक मात्र दिसत नाही, आणि हेच वाईट. तशीच गत अंशाच्या चिन्हाची. क्लासिकमध्ये चिन्हाशिवाय साइन ३० लिहिलंत तर ०.५ ऐवजी उणे ०.९९ येतं, कारण ते ३० रेडियन समजलं जातं. उत्तर अंशांतच हवं असेल तर साइनच्या उलट फलाची ‘डी’ शेपटीची आज्ञा (asind) वापरा, रेडियनची भानगडच उरत नाही.

कोन प्रवाहाच्या दिशेपासून डावीकडे मोजला जातो, हेही आधीच ठरवून घ्यावं लागतं. पुस्तकातला प्रश्न बहुधा ‘काठाला लंब असलेल्या दिशेपासून प्रवाहाविरुद्ध इतके अंश’ असं म्हणतो. स्लायडरवर त्यात ९० मिळवायचे. ३६.८७ चे १२६.८७ होतात. काही प्रश्न ‘प्रवाहाच्या दिशेशी किती कोन’ असं विचारतात, तिथे १२६.८७ हेच उत्तर. दोन्ही उत्तरं एकाच बाणाची आहेत हे पडद्यावर एका नजरेत कळतं. पर्यायांमध्ये ३७° आणि १२७° दोन्ही दिलेले असतील तेव्हा ही नजर कामाला येते.

कोनाचा स्लायडर मुळात एकेका अंशाने सरकतो. त्यामुळे अगदी समोर उतरण्याचा कोन सापडतच नाही. १२७ वर नाव घाटाच्या अर्धा मीटर वरच्या अंगाला लागते, १२६ वर साडेतीन मीटरहून जास्त खाली. मुलं म्हणतात, सूत्र चुकलं. सूत्र बरोबर आहे, स्लायडरची पायरी ०.०१ करा. कोनाची मर्यादाही १° ते १७९° ठेवा. ०° किंवा १८०° ला नाळ काठाला समांतर होते, नाव पलीकडे पोचतच नाही, आणि वेळेचा भागाकार शून्याने होऊन सगळी आकृती नाहीशी होते.

मोजपट्टीची अडचण सर्वांत त्रासदायक. पात्र २४० एककं रुंद आणि वेगाचा बाण जेमतेम ५ एककं, म्हणजे बाण मुंगीएवढा. बरेच जण बाण दिसावा म्हणून आडवा अक्ष बोटाने ताणतात. तसं केलं की दोन्ही अक्षांचं प्रमाण बिघडतं, काटकोन तिरका दिसतो आणि लंब दिशेला धरलेली नाळ झुकल्यासारखी वाटते. अक्षांचं प्रमाण १:१ च ठेवा. बाण मोठा हवा तर दाखवण्यापुरता त्याला २० ने गुणा. त्याहून चांगला उपाय म्हणजे नदी एका खिडकीत मीटरमध्ये आणि वेगाचा त्रिकोण दुसऱ्या खिडकीत मीटर प्रति सेकंदात. विस्थापन आणि वेग एकाच कागदावर काढायची जी वाईट सवय लागलेली असते, ती या दोन खिडक्यांनी आपोआप सुटते.

त्रिकोण काढताना नुसते सदिश लिहून भागत नाही, ते सगळे आरंभबिंदूतूनच निघतात. आधी प्रवाहाचा बाण, मग त्याच्या टोकापासून नावेचा बाण, असा दोन बिंदूंमधला सदिश काढावा लागतो. आरंभापासून शेवटच्या टोकापर्यंतचा तिसरा बाण म्हणजे परिणामी वेग, काठावर उभ्या माणसाला दिसणारा. तिन्हींना वेगळे रंग द्या आणि नामपट्टी मराठीत लिहा: ‘पाणी’, ‘नाळ’, ‘वाट’. हे तीन शब्द पुढच्या प्रत्येक गणितात उपयोगी पडतात.

नाव सोडल्यावर

वेळेचा स्लायडर शून्यापासून सुरू करा. त्याच्या कमाल मर्यादेत आकडा न लिहिता थेट राशी लिहा: पात्राची रुंदी भागिले नावेच्या वेगाचा काठाला लंब असलेला घटक. मग कोन बदलला की प्रवासाचा वेळ आपोआप बदलतो आणि नाव बरोबर पैलतीरावर थांबते, डोंगरात शिरत नाही.

इथे एक खोडी आहे. स्लायडर चालवला की तो मुळात पुढे-मागे हेलकावतो. नाव पैलतीराला लागते आणि आल्या वाटेनेच उलटी परतते. पाहणाऱ्याचा पक्का समज होतो की परतीचा प्रवासही असाच, तेवढ्याच वेळात. खरी नाव आल्या वाटेवरून उलटी येणार असेल तर प्रवाहाविरुद्ध तिरकं चढावं लागेल, नाळेचा कोन वेगळा, वेळही वेगळा. स्लायडरच्या गुणधर्मांत जाऊन ‘फक्त वाढता’ हा पर्याय निवडा. ॲनिमेशनचा वेग १ असला की स्लायडर पूर्ण टप्पा साधारण १० सेकंदांत कापतो, मग तो टप्पा ४८ सेकंदांचा असो की १०० चा. म्हणजे दोन नावांची शर्यत लावायची असेल तर दोघींना एकच वेळेचा स्लायडर हवा, नाहीतर दोन्ही एकदमच पोचताना दिसतील.

नावेने वाट उमटवावी म्हणून ‘मागोवा’ चालू केला तर चित्र जरा सरकवलं किंवा मोठं केलं की तो पुसला जातो. त्यापेक्षा ‘लोकस’ ही आज्ञा वापरून नाव आणि वेळेचा स्लायडर द्या, वाटेची रेघ कायम राहते.

आता वरचं गणित. नाळ सरळ समोर धरली, म्हणजे ९०°: वेळ २४० ÷ ५ = ४८ सेकंद. तेवढ्या वेळात पाणी नावेला ३ × ४८ = १४४ मीटर खाली नेतं. काठावरून दिसणारा वेग √३४, म्हणजे ५.८३. वाटेची लांबी सुमारे २८० मीटर. प्रवाहाचा स्लायडर ३ वरून १ वर आणा, मग ४ वर न्या. उतरण्याची जागा सरकते, ४८ हा आकडा हलत नाही. आम्हाला जिओजेब्राचा हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. प्रवाह काठाला समांतर आहे, त्यामुळे पात्र ओलांडण्याच्या वेळेत त्याचा हात नाही, हे वाक्य दहा वेळा सांगून जे होत नाही ते एकदा स्लायडर ओढून होतं.

समोरच उतरायचं तर नाळ वरच्या अंगाला ३६.८७° वळवा. नावेच्या वेगातले ३ प्रवाह खाऊन टाकतो, ओलांडायला ४ उरतात, वेळ ६० सेकंद. वाट छोटी, वेळ जास्त. ‘सर्वांत कमी अंतर’ आणि ‘सर्वांत कमी वेळ’ या दोन प्रश्नांची सरमिसळ परीक्षेत जितकी होते तितकी दुसऱ्या कशाची होत नसेल.

प्रवाह नावेपेक्षा जोरात असेल तर

जिओजेब्रा घ्यावं ते याच प्रश्नासाठी. नावेचा वेग ४, प्रवाहाचा ५, पात्र तेच २४० मीटर. (आधीचेच ५ आणि ३ उलटे करून घेऊ नका. दोन्ही वेळा ३/५ येतं, कोन तोच निघतो आणि चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर आल्याचं समाधान मिळतं.) समोर उतरणं आता अशक्य. मग कमीत कमी किती वाहून जाऊ?

वहीत हे अवकलनाने सोडवतात. फल लिहा, त्याचा अवकलज शून्य करा. उत्तर येतं, पण दिसत काहीच नाही. वेगाच्या खिडकीत असं करा: आरंभापासून प्रवाहाचा ५ लांबीचा बाण. त्याच्या टोकावर केंद्र ठेवून ४ त्रिज्येचं वर्तुळ. नाळ कुठेही वळवली तरी नावेच्या बाणाचं टोक या वर्तुळावरच फिरणार, म्हणजे परिणामी वेगाचं टोकही त्याच वर्तुळावर. आरंभबिंदू वर्तुळाच्या बाहेर आहे. तिथून निघणारा आणि काठापासून जास्तीत जास्त वर उचललेला बाण कोणता? जो वर्तुळाला नुसता शिवतो तो. ‘टँजंट’ आज्ञेला बिंदू आणि वर्तुळ द्या, स्पर्शिका निघते.

स्पर्शिका त्रिज्येला लंब, म्हणून परिणामी वेग नाळेला लंब. तिसरी बाजू पायथागोरसने ३. नाळ लंब दिशेपासून वरच्या अंगाला ५३.१३°, तिची साइन ४/५, म्हणजे नावेचा वेग भागिले प्रवाहाचा वेग. आधीच्या प्रकारात हा भागाकार उलटा होता. तिथे वाट काठाला लंब होती, इथे वाट नाळेला लंब आहे. सूत्र पाठ करणाऱ्यांचा घात इथेच होतो.

आकडे: ओलांडण्याचा घटक ४ × ०.६ = २.४, वेळ १०० सेकंद. काठाच्या दिशेने ५ − ३.२ = १.८, म्हणजे १८० मीटर वाहून जाणं. नाळ सरळ समोर धरली असती तर ६० सेकंद आणि ३०० मीटर. आणि ‘जास्त वळवलं तर कमी वाहू’ असं समजून ७०° वळवली तर सुमारे २१८ मीटर. कोनाचा स्लायडर हळू ओढत गेलं की उतरण्याची जागा घाटाकडे येत येत येते, १८० वर थबकते आणि पुन्हा लांब जाऊ लागते.

आता नावेचा वेग ५ च्या पुढे न्या. आरंभबिंदू वर्तुळाच्या आत जातो, स्पर्शिका नाहीशी होते आणि यादीत तिच्यापुढे ‘अनडिफाइन्ड’ उमटतं. तो बिघाड नाही. बिंदू वर्तुळात आला म्हणजे परिणामी वेग कुठल्याही दिशेला वळवता येतो, समोरही जाता येतं, ‘कमीत कमी वाहणं’ हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही वेग समान असताना वर्तुळ आरंभबिंदूतून जातं. मग वाहून जाणं हवं तितकं कमी करता येतं, पण ओलांडण्याचा वेळ वाढतच जातो आणि शून्य कधीच गाठता येत नाही.

बाटलीचं गणित

पुलाखाली नावेतून बाटली पडली. नाव २० मिनिटं प्रवाहाविरुद्ध गेली, मग वळली आणि पुलाच्या २ किलोमीटर खाली बाटली गाठली. प्रवाहाचा वेग किती? समीकरणं मांडून पान भरतं. दोन खिडक्या उघडा: एक काठाची, एक पाण्याची. पाण्याच्या खिडकीत प्रत्येकाच्या स्थानातून प्रवाहवेग गुणिले वेळ वजा करा. तिथे बाटली जागची हलत नाही. नाव २० मिनिटं दूर गेली, तर परत यायला २० मिनिटंच लागणार. ४० मिनिटांत बाटली २ किलोमीटर गेली, म्हणजे प्रवाह ताशी ३ किलोमीटर. नावेचा वेग ताशी ६ चा १२ करून पाहा, भेटीची जागा बदलत नाही. सापेक्ष वेगाचा अर्थ समजवायला याहून सोपी सोय नाही. फक्त नाव वळण्याच्या क्षणी ‘इफ’ आज्ञेने स्थानाचं सूत्र बदलावं लागतं, आणि मिनिटांचे तास करायला विसरायचं नाही.

तक्त्यात सोडवायचं गणित

नवखा नावाडी समोरच्या देवळाकडे नाळ रोखून वल्हवतो आणि पाणी खाली नेईल तसा पुन्हा पुन्हा देवळाकडे वळवत राहतो. वाट वाकडी होते, सरळ सूत्र लागत नाही. क्लासिकच्या तक्त्यात दर सेकंदाला एक ओळ घ्या: आधीचं स्थान, त्यात प्रवाहाचा वेग, त्यात देवळाच्या दिशेने नावेचा वेग. ५ आणि ३ साठी नेमकं उत्तर ७५ सेकंद (रुंदी गुणिले नावेचा वेग, भागिले दोन्ही वेगांच्या वर्गांतला फरक). तक्ता त्याच्या आसपास येतो. शेवटच्या ओळींत मात्र नाव देवळापाशी पुढे-मागे उड्या मारते, कारण एका सेकंदाच्या पावलात ती लक्ष्य ओलांडून जाते. पाऊल ०.१ सेकंदाचं करा किंवा अंतर एका मीटरखाली आलं की थांबवा.

४८, ६० आणि ७५. नदी तीच, नाव तीच, फरक फक्त नाळ धरण्याचा. कोकणातल्या खाडीत, उदाहरणार्थ वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे फेरीत, हे उघड्या डोळ्यांनी बघता येतं: पाण्याला ओढ असेल तर फेरीबोट धक्क्याकडे तोंड करून जात नाही, तिरकी धरलेली दिसते आणि तरी धक्क्यालाच लागते. ओहोटीला ज्या बाजूला तिरकी, भरतीला तिच्या उलट. जिओजेब्राचा नवा स्लायडर मुळात उणे ५ ते ५ असतो, तेव्हा भरती-ओहोटी दाखवायला काही बदलावं लागत नाही.

खऱ्या पात्रात काठाशी पाणी मंद आणि मध्ये जोरात. मध्यावर ४.५ आणि दोन्ही काठांवर शून्य असा परवलयाकार प्रवाह घेतला तर सरासरी ३ येते, आणि सरळ समोर नाळ धरलेली नाव तितकीच, १४४ मीटर, वाहते. पण पाव पात्र ओलांडेपर्यंत ती ३६ नव्हे, साडेबावीस मीटरच सरकलेली असते. वाट नागमोडी दिसते. पाठ्यपुस्तकातली सरळ रेघ ही सोय आहे, हे एवढ्याने कळतं.

कुठे घेऊ नये

पोलीस भरती, बँक, एमपीएससी यांतली ‘प्रवाहाच्या दिशेने ताशी १२, विरुद्ध दिशेने ताशी ६’ छापाची गणितं एका रेघेवरची आहेत. बेरजेचं निम्मं नावेचा वेग ९, वजाबाकीचं निम्मं प्रवाह ३. ३६ किलोमीटर जाऊन परत यायला ३ आणि ६ तास, सरासरी वेग ८, ९ नाही. त्यासाठी संगणक उघडणं म्हणजे वेळ घालवणं. दहावीच्या एकसामयिक समीकरणांनाही कागद पुरे.

फोनवर बोटाने स्लायडर नेमक्या आकड्यावर थांबत नाही, तिथे आकडा थेट टाइप करावा. लहान पडद्यावर दोन खिडक्या शेजारी मावत नाहीत, त्यामुळे बाटलीचं आणि वर्तुळाचं काम टॅबलेट किंवा संगणकावरच करा. दशांश स्थळं मुळात दोन असतात, ती चारवर न्या, नाहीतर १२६.८७ वर वाहून जाणं शून्य दिसेल आणि कोन अचूक आहे असं वाटेल. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जिओजेब्राचे धडे आहेत. आज्ञांची ओळख त्यातून करून घेतली तर वरची सगळी मांडणी एका बैठकीत होते.

गुण द्यायचे तर अकरावी-बारावी, सीईटी, जेईई आणि एनडीएच्या विद्यार्थ्यांसाठी पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या हेलकावणाऱ्या स्लायडरसाठी कापला. मूळ मांडणीतच तो ‘फक्त वाढता’ असायला हवा.